ओटो नावाच्या मागावर: क्वेडलिनबुर्ग ते श्ट्योल्न

जर्मनीत सर्वसामान्य माणसाला 'ओटो नॉर्मालफरब्राउखर' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशनकार्डावर ज्याला कसलाही जादा वाटा नाही तो 'नॉर्मालफरब्राउखर', म्हणजे साधा ग्राहक. त्याला पुढे नाव मिळालं ते ओटो. हजार वर्षांपूर्वी मात्र हेच नाव ओळीने तीन सम्राटांचं होतं. ते आलं कुठून, घराण्यात टिकलं कसं आणि घराणं संपल्यावरही का उरलं, हे पाहायचं असेल तर झाक्सन-आनहाल्ट हे एकच राज्य जवळजवळ पुरतं. शेवटचा मुक्काम तेवढा शेजारच्या ब्रांडेनबुर्गमध्ये आहे.

सप्टेंबरचा शेवट या फेरीला चांगला. उन्हाळी गर्दी ओसरलेली असते, संग्रहालयांच्या हिवाळी वेळा अजून लागू झालेल्या नसतात आणि नवी द्राक्षं आलेली असतात. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो हातात घेऊन फिरावं लागतं.

तिकिटांचं आधी सांगून टाकतो. दोघं-चौघं असाल तर 'झाक्सन-आनहाल्ट-टिकेट' घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येतं, पण कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. एकटे असाल आणि मुक्काम लांबणार असेल तर महिन्याचा 'डॉइचलांड-टिकेट' पास परवडतो. हा पास वर्गणीसारखा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून सोमवार प्रवासात घालवावा.

पहिला दिवस: क्वेडलिनबुर्ग

माग्डेबुर्गहून टालेकडे जाणारी गाडी हाल्बरश्टाटमार्गे क्वेडलिनबुर्गला पोचते. गाव १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. लाकडी चौकटी आणि मधे मातीचं भरण अशी शेकडो जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि खालच्या दगडी रस्त्यांवर चाकांच्या बॅगेचे हाल होतात. पाठीवरची पिशवीच आणावी.

खरं ठिकाण टेकडीवर आहे: संत सेर्वाटियुसचं चर्च. राजा हाइनरिख पहिला २ जुलै ९३६ रोजी वारला, त्याला इथे पुरलं. त्याची राणी माटिल्डे हिच्या इच्छेवरून मुलगा ओटो पहिला, त्या तीन सम्राटांतला पहिला, याने त्याच वर्षी इथे उच्चकुलीन स्त्रियांचा मठ स्थापन केला. या स्त्रियांचं मुख्य काम होतं मृतांसाठी प्रार्थना. पुण्यतिथ्यांची यादी ठेवायची आणि त्या त्या दिवशी ते नाव प्रार्थनेत घ्यायचं. घराण्यातली नावं पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. ओटोची मुलगी, तिचंही नाव माटिल्डे, ९६६ पासून इथली मठाधिपती होती. कोर्वाईच्या विदुकिंड या साधूने सॅक्सनांचा, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या त्या टोळीचा, इतिहास लिहून तिलाच अर्पण केला. ओटोबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्यातून आलं आहे.

आता नावाबद्दल. जुन्या सॅक्सन बोलीत 'ओड' म्हणजे मालमत्ता, धन, भाग्य. दक्षिणेकडच्या जुन्या उच्च जर्मन बोलीत 'ड'चा 'ट' झाला, तिथे तोच शब्द 'ओट'. त्यावरून ओटमार, ओटफ्रीड, ओटबर्ट अशी जोडनावं झाली. घरात हाक मारताना जोडनावाचा पुढचा भाग ठेवून शेवटी 'ओ' लावायची पद्धत होती; हुगो, ब्रुनो, उडो ही नावं तशीच बनली. मधलं व्यंजन दुहेरी होणं हेही लाडक्या नावांचं लक्षण. म्हणजे ओटो हे मुळात घरगुती हाक मारायचं नाव. फ्रान्समधला ओडो किंवा अ‍ॅद, इटलीतला ओट्टोने हे सगळे त्याचेच भाऊबंद.

या घराण्यात ते आलं ते बहुधा एका बाईकडून. सॅक्सन सरदार लिउडोल्फ याची बायको ओडा. तिच्या मुलाचं नाव ओटो, इतिहासात तो 'देदीप्यमान ओटो' म्हणून ओळखला जातो. त्याचा मुलगा हाइनरिख. हाइनरिखचा मुलगा २३ नोव्हेंबर ९१२ रोजी जन्मला आणि आजोबा ओटो आठवडाभराने, ३० नोव्हेंबरला गेले. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच तिथेही झालं. पणजी ओडा तेव्हा हयात होती. ती पुढच्या वर्षी, परंपरेनुसार १०७ वर्षांची होऊन वारली. सम्राटाच्या नावाची सुरुवात शोधताना तिच्यापर्यंत जावंच लागतं, आणि बहुतेक माहितीफलकांवर तिचा उल्लेख नसतो, याचं वाईट वाटतं.

तळघरात राणी माटिल्डेची दगडी शवपेटी आहे. शेजारची हाइनरिखची कबर रिकामी आहे, अस्थी कधी नाहीशा झाल्या ते कळलेलं नाही. १९३६ मध्ये, हाइनरिखच्या मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून नाझी नेता हिमलरने इथे सोहळा केला; चर्च पुढे एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या ताब्यात गेलं. १९३७ मध्ये अस्थी सापडल्याचाही गाजावाजा झाला. तो दावा युद्धानंतर खोटा ठरला. जुनी नावं आणि जुनी हाडं सत्तेला किती हवीशी असतात, हे इथे समोर दिसतं.

खजिन्याच्या दालनासाठी दीड तास ठेवा. युद्धाच्या अखेरीस एका अमेरिकन लेफ्टनंटने यातल्या बारा वस्तू लष्करी टपालाने टेक्सासला घरी पाठवून दिल्या होत्या. त्यातल्या दहा १९९३ मध्ये परत आल्या, दोन अजून बेपत्ता आहेत. तळघर त्या दिवशी पाहायला मिळणार आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. टेकडीवर बरीच वर्षं दुरुस्ती चालू आहे आणि वाटा बदलत राहतात.

संध्याकाळी पाऊस आला तर बाजारचौकाजवळच्या गल्ल्यांत चीजकेक खात बसावं. गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. केक क्वार्क या दह्यासारख्या ताज्या चीजचा असतो, उंच आणि हलका. अंडं असतंच, शुद्ध शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

दुसरा दिवस: गेर्नरोडे

क्वेडलिनबुर्ग स्टेशनाच्याच एका फलाटावरून हार्त्स डोंगराची मीटरगेज गाडी सुटते, काही फेऱ्यांना वाफेचं इंजिन असतं. गेर्नरोडे पहिलं मोठं स्टेशन, चर्च तिथून चालत गाठता येतं.

क्वेडलिनबुर्गचं आजचं चर्च १०७० च्या आगीनंतर नव्याने बांधलेलं, ११२९ मध्ये पवित्र केलेलं. ओटोच्या डोळ्यांसमोर जी वास्तुकला होती ती पाहायची तर गेर्नरोडेला पर्याय नाही. त्याचा विश्वासू सीमारक्षक सरदार गेरो याने, मुलगा गेल्यावर, विधवा सून हाथुई हिच्यासाठी ९५९ मध्ये हा मठ काढला. आत गेल्यावर वर पाहा: बाजूच्या भिंतींवर सज्जे आहेत. आल्प्सच्या उत्तरेला त्या काळात हे दुर्मीळ. 'बायझंटाइन राजकन्या थेओफानूमुळे हे आलं' असं ऐकायला मिळतं, पण ती ओटो दुसऱ्याशी लग्न करून आली ९७२ मध्ये, आणि बांधकाम त्याआधीच सुरू झालं होतं. खांबही नीट पाहा, एक गोल, एक चौकोनी असे आलटून पालटून येतात.

उजवीकडच्या भागात ख्रिस्ताच्या कबरीची दगडी प्रतिकृती आहे, जर्मनीतली सर्वांत जुनी. ती फक्त मार्गदर्शित फेरीतच जवळून पाहता येते. फेरी देणारे बहुतेक गावातले निवृत्त लोक असतात. जर्मन येत नसेल तर सुरुवातीलाच सांगा. छापील माहितीपत्रक हातात देतात आणि हळू बोलतात.

तिसरा दिवस: नाउमबुर्ग आणि मेमलेबेन

हा लांबचा दिवस. हाले शहरात गाडी बदलून नाउमबुर्गला मुक्काम टाकावा. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १२५० च्या सुमाराचे देणगीदारांचे पुतळे आहेत; त्यातली उटा सगळ्यांना ठाऊक असते, कॉलर वर ओढून गालाशी धरलेली. उटा हे ओडाचंच रूप मानतात, आणि ही उटा क्वेडलिनबुर्गच्या शेजारच्या बालेनश्टेटची. पुतळ्याच्या सौंदर्याबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तिचं नाव मात्र क्वेडलिनबुर्गच्या त्या पणजी ओडापाशी जातं, हे लक्षात ठेवून पाहिलं तर तिच्यासमोर जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

नाउमबुर्गहून उन्स्ट्रुट नदीच्या काठाने छोटी गाडी वांगेनपर्यंत जाते. पुढे मेमलेबेनसाठी बस किंवा सायकल. बस शनिवार-रविवारी फार कमी असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा. सायकलमार्ग नदीकाठचा, सपाट आणि सोपा आहे. सायकल गाडीत नेता येते, पण द्राक्षांच्या हंगामात डबे भरलेले असतात, म्हणून सकाळची पहिली गाडी बरी.

मेमलेबेनला बाप आणि मुलगा दोघंही वारले: हाइनरिख ९३६ मध्ये, ओटो पहिला ७ मे ९७३ रोजी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. त्या वर्षीचा ईस्टर त्याने क्वेडलिनबुर्गला मोठ्या दरबाराने साजरा केला होता. शरीर माग्डेबुर्गला न्यायचं होतं, रस्ता लांब होता, म्हणून आतडी काढून इथेच पुरली. दुसऱ्या दिवशी जमलेल्या सरदारांनी मुलाला, म्हणजे दुसऱ्या ओटोला, पुन्हा निष्ठेची शपथ दिली. त्याने इथे बेनेडिक्टाइन मठ काढला आणि जवळजवळ ८० मीटर लांबीचं चर्च उभारलं. त्याचा फक्त आराखडा आणि भिंतींचे थोडे अवशेष राहिले आहेत. डोक्यावर आकाश असलेलं जे सुंदर भग्न चर्च फोटोत दिसतं ते नंतरचं, १३व्या शतकाचं. दोहोंची गल्लत सर्रास होते. त्याखालचं तळघर मात्र शाबूत आहे, तिथे उतराच.

दुसरा ओटो ९८३ मध्ये रोमला मलेरियाने गेला, वय अठ्ठावीस. त्याची कबर सेंट पीटर्समध्ये आहे. त्याचा मुलगा, तिसरा ओटो, तेव्हा तीन वर्षांचा. तोही १००२ मध्ये इटलीतच, अविवाहित असताना गेला आणि आखेनला पुरला गेला. ओटोंची ओळ तिथे तुटली. पुढच्या राजाने, हाइनरिख दुसऱ्याने, १०१५ मध्ये मेमलेबेनचा मठ हर्सफेल्डच्या मठाच्या अंमलाखाली टाकला, आणि एवढं मोठं चर्च बघता बघता ओस पडलं.

खाण्यापिण्यात हा या फेरीतला सर्वांत चांगला दिवस. वाटेत 'फेडरवाइसर' मिळते, अजून आंबत असलेली नवी वाइन, गढूळ आणि गोड. सोबत कांद्याचा खारा केक. फेडरवाइसरची बाटली घट्ट बंद केलेली नसते, कारण आत वायू तयार होत असतो. ती आडवी ठेवली की सांडते आणि बूच घट्ट दाबलं तर फुटते. बॅगेत उभीच ठेवा, तीही त्याच दिवसापुरती.

संस्कृत वाचणाऱ्यांसाठी एक आडवाट. नाउमबुर्गजवळच्या येना गावात ओटो फोन ब्योटलिंक १८६८ ते १८८५ राहत होता. पाणिनीचं व्याकरण युरोपात छापणारा आणि रुडोल्फ रोटबरोबर सेंट पीटर्सबर्गचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश करणारा हाच. पुण्या-मुंबईच्या संस्कृत ग्रंथालयांत हे खंड भेटतात, पण मुखपृष्ठावरच्या ओटो या नावाकडे कुणी लक्ष देत नाही.

चौथा दिवस: माग्डेबुर्ग, कॅथेड्रल

कॅथेड्रल स्टेशनापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ओटोचं मूळ चर्च १२०७ च्या आगीत गेलं. १२०९ मध्ये सुरू झालेलं हे जर्मनीतलं पहिलं गॉथिक पद्धतीचं कॅथेड्रल. मनोरे पुरे व्हायला १५२० उजाडलं. आत गायनस्थळी वेगळ्याच रंगांचे गुळगुळीत खांब दिसतील, ग्रॅनाइट आणि जांभळ्या पोर्फिरीचे. ते ओटोने इटलीहून मागवले होते आणि आगीनंतर नव्या इमारतीत बसवले.

ओटोची कबर अगदी साधी आहे: दगडी पेटी, वर संगमरवरी फळी. कोरलेल्या लॅटिन ओळी सांगतात की दुःखाची तीन कारणं या संगमरवराखाली बंद आहेत: राजा, धर्मसंस्थेचं भूषण, देशाचा सर्वोच्च मान. पेटीला झालेल्या नुकसानीमुळे २०२५ मध्ये संवर्धनाचं मोठं काम हाती घेतलं गेलं. जाण्याआधी कबर पाहायला खुली आहे का ते विचारून घ्या.

थोडं मागे, प्रदक्षिणामार्गात, त्याची पहिली राणी एडगिथा. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाची ही नात. लग्नानंतर ओटोने माग्डेबुर्ग तिला स्त्रीधन म्हणून दिलं. ९४६ मध्ये ती गेली. २००८ मध्ये उत्खननात तिची शिशाची पेटी सापडली. दातांच्या एनॅमलमधल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून ती बालपणी दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या प्रदेशात वाढल्याचं दिसलं, आणि अस्थी तिच्याच असल्याचं मान्य झालं. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातांत कायमची राहते, त्यावर ही तपासणी चालते. २०१० मध्ये अस्थी पुन्हा इथे ठेवल्या. शिशाची पेटी समोरच्या ओटोनियानुम संग्रहालयात आहे.

तिच्या नावाचं मूळ इंग्लिश रूप एआडग्युथ. यातलं 'एआड' म्हणजेच सॅक्सन 'ओड'. एडवर्ड, एडमंड, एडगर यांतलं 'एड'ही तेच. म्हणजे या छताखाली झोपलेल्या नवरा-बायकोच्या नावांचं मूळ एकच आहे, समुद्राच्या दोन काठांवर वेगळं वाढलेलं. कॅथेड्रलच्या फेरीत ही गोष्ट कुणी सांगत नाही. या फेरीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

१०व्या शतकाच्या अखेरचं एक चांदीचं नाणं या नावाच्या शोधात महत्त्वाचं आहे. क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चार अक्षरं: ओ, ड, ड, ओ. मागे तिसऱ्या ओटोची आजी आडेलहाइड हिचं नाव. सॅक्सन उच्चार 'ड'चा होता, याचा हा हातात धरता येणारा पुरावा. हार्त्सच्या चांदीतून अशी नाणी अफाट संख्येने पाडली गेली, त्यामुळे जर्मनीतल्या बहुतेक नाणेसंग्रहांत ती असतात. दालनात दिसली नाहीत तर 'ओटो-आडेलहाइड-फेनिग' या नावाने विचारा.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारीच जा. नंतर एल्बच्या काठी उतरा. नदी आटली की कॅथेड्रलखालचा खडक वर येतो. जुन्या काळी तो दिसला की लोक दुष्काळाची धास्ती घेत.

पाचवा दिवस: माग्डेबुर्गचा दुसरा ओटो

शहर स्वतःला 'ओटोश्टाट', म्हणजे ओटोचं शहर, म्हणवतं ते दोघांमुळे. एक सम्राट ओटो पहिला. दुसरा हवेच्या दाबाचे प्रयोग करणारा ओटो फोन ग्युरिके, जन्म १६०२. १६३१ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात शहर जाळलं गेलं आणि सुमारे वीस हजार माणसं मेली. हा वाचला, शहर पुन्हा उभं करायला राबला, महापौर झाला. त्याचं संग्रहालय नदीकाठच्या 'लुकासक्लाउजे' या जुन्या बुरुजात आहे.

निर्वात करण्याचा त्याचा पहिला प्रयत्न बिअरच्या पिंपात होता. पाणी भरलेल्या पिंपातून पाणी उपसलं, तर लाकडाच्या छिद्रांतून हवा शिट्टी वाजवत आत शिरली. मग तांब्याचा पोकळ गोळा घेतला; तो पुरता गोल नव्हता, म्हणून बाहेरच्या हवेने चेपला गेला. शेवटी दोन नेमके अर्धगोल, व्यास सुमारे ५० सेंटिमीटर, मधे मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चामड्याची कडी. चामडं कोरडं असेल तर हवा गळते, सगळी मेख तिथे आहे. आकडेमोड केली तर या व्यासावर हवेचा दाब जवळजवळ दोन टन भरतो. अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि ते ओढून वेगळे करायला दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे लावून प्रयोग झाला. खरं तर एक बाजू भिंतीला बांधून आठच घोडे लावले असते तरी ताण तेवढाच आला असता, पण लोकांना पटवायला सोळा घोडेच हवेत.

इथल्या विद्यापीठाला ग्युरिकेचं नाव आहे आणि तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत. ट्राममध्ये मराठी कानावर पडलं तर नवल नाही. मेकॅनिकलच्या मुलांना पेट्रोल इंजिनाची 'ऑटो सायकल' पाठ असते, पण ती निकोलाउस ओटोच्या आडनावावरून. वडिलांचं नाव पुढे आडनाव झालं, अशी ओटो घराणी जर्मनीत खूप आहेत. पेट्रोल इंजिनाला जर्मनमध्ये आजही 'ओटोमोटोर' म्हणतात. उच्चार करताना पहिला 'ओ' आखूड आणि उघडा, 'ऑ'च्या जवळचा.

जेवणात 'ब्योटल' इथलं खास: खारवलेला डुकराचा पाय, मऊ शिजवलेले वाटाणे आणि आंबवलेला कोबी. शाकाहारी असाल तर सालासकट उकडलेले बटाटे आणि क्वार्क मागा, पोटभर होतं.

सहावा दिवस: श्योनहाउजेन आणि श्ट्योल्न

श्टेंडालला गाडी बदलून श्योनहाउजेन. १ एप्रिल १८१५ रोजी ओटो फोन बिस्मार्क, १८७१ मध्ये जर्मनी एक करणारा चॅन्सेलर, इथे जन्मला. मोठा वाडा १९५८ मध्ये सुरुंगाने उडवला गेला; शिल्लक राहिलेल्या भागात छोटं संग्रहालय आहे. शेजारचं विटांचं चर्च १२१२ चं. १८७१ नंतर ओटो नाव घरोघर पोचलं त्याला हा माणूस मोठं कारण. पाळण्यातलं नाव तोवर राजघराण्यांत आणि जमीनदारांत जास्त होतं, आता कारकून आणि सुतारही ते ठेवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते म्हाताऱ्यांचं नाव वाटू लागलं. गेल्या काही वर्षांत बाळांना पुन्हा ठेवलं जातंय.

पुढे राटेनोपर्यंत गाडी, तिथून रिनो-श्ट्योल्नकडे बस. राज्य बदलतं, त्यामुळे दिवसाचं तिकीट कुठवर चालतं ते पाहा. पास असेल तर काळजी नाही. श्ट्योल्नच्या गोलेनबेर्ग टेकडीवर ग्लायडर-उड्डाणाचा आद्य प्रयोगकर्ता ओटो लिलिएन्टाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी ग्लायडरमधून सुमारे १५ मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनला वारला. पायथ्याशी अनपेक्षित दृश्य आहे: पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचं चार इंजिनांचं आयएल-६२ विमान गवतावर उभं आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी ते खरोखर उडत आलं आणि जेमतेम ९०० मीटरच्या गवताळ पट्टीवर उतरवलं गेलं. लिलिएन्टालच्या बायकोवरून त्याचं नाव 'लेडी आग्नेस'. आत लग्नंही नोंदवली जातात, त्या वेळी पर्यटकांना थांबावं लागतं.

टेकडीवर वारा बोचरा असतो, कानटोपी ठेवा. परतीची बस चुकली तर पुढची बराच वेळ येत नाही. राटेनोहून बर्लिन मात्र तासाभराचं आहे, म्हणून विमानतळ बर्लिनचा असेल तर फेरी याच क्रमाने करावी. फ्रांकफुर्टला उतरणाऱ्यांनी नाउमबुर्गपासून सुरुवात करून क्वेडलिनबुर्ग मधे घ्यावं आणि माग्डेबुर्गहून परत फिरावं.